तुमचा वार कोणता?



दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच तिबेटी स्वेटरवाले येतात. मुंबईत परळला त्यांची दुकानं लागतात, आणखी कितीतरी शहरांत एखाद्या मैदानाच्या कडेला ताडपत्र्या उभ्या राहतात. तुम्हीही गेला असाल तिथे, घासाघीस केली असेल. समोरच्या त्या बाईंना कधी विचारलंत का, की थंडी संपेपर्यंत तुम्ही इथे, मग मुलांजवळ कोण?

मी विचारलं, तेव्हा त्या ‘होस्टेल’ एवढंच म्हणाल्या. मग गल्ल्यातून एक फोटो काढून दाखवला. तिसरीतली मुलगी, थंडीने लाल झालेले गाल, टाय तिरका. फोटोच्या कडा हाताळून मऊ पडल्या होत्या.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. आज मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि सांगायचं आहे ते एकच. ते मी दोन-तीनदा सांगणार, कारण रेडिओ ऐकताना कुकरची शिट्टी होते, दारावर कोणी येतं, आणि नेमकं तेच वाक्य निसटतं. सांगायचं ते हे: तिबेटी निर्वासित मुलांच्या शिक्षणासाठी एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होऊ नका. लहान रक्कम द्या, पण दर महिन्याला द्या, आणि ते मूल शाळेतून बाहेर पडेपर्यंत थांबू नका.

माझे आजोबा वारावर जेवून शिकले. सोमवार एका वकिलांकडे, मंगळवार देवळाच्या पुजाऱ्यांकडे, बुधवार एका सधन व्यापाऱ्यांकडे. सात दिवस, सात घरं. गुरुवारचं घर एका कारकुनाचं होतं. त्यांची बदली झाली आणि ते कुटुंब दुसऱ्या गावी गेलं. पुढे चार महिने दर गुरुवारी आजोबा चुरमुरे आणि पाणी यांवर झोपले. बुधवारी व्यापाऱ्यांकडे पुरणपोळी असायची, तुपाची धार असायची. पण बुधवारी कितीही जेवलं तरी गुरुवारी संध्याकाळी पोट रिकामंच. आजोबा म्हातारपणी सांगायचे की कोणी काय वाढलं ते सगळं आठवत नाही, पण मंगळवारच्या काकूंनी पाच वर्षांत एकही मंगळवार चुकवला नाही हे आठवतं. त्यांच्याकडे बहुतेक वेळा भाकरी आणि पिठलंच असायचं.

ही सोय काही ठरावीक घरांतल्या मुलांनाच मिळायची, हेही इथेच सांगितलं पाहिजे. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवायला कर्मवीर भाऊराव पाटील यावे लागले, आणि त्यांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. म्हणजे वसतिगृह कशावर चालतं हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको. रोज संध्याकाळी ताट मांडावं लागतं, त्यावर ते चालतं.

आता तिबेटी मुलांकडे येते. १९५९ साली दलाई लामांच्या मागोमाग हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. त्यातल्या कित्येकांना पहाडात रस्ते बांधण्याचं काम मिळालं. आईबाप खडी फोडणार आणि मुलं तिथेच तंबूत, थंडीत, उपाशी. १७ मे १९६० रोजी जम्मूकडच्या अशा रस्त्याच्या कामावरून ५१ मुलं धरमशालेला आणली गेली. आजारी, खंगलेली. त्यांच्यासाठी पाळणाघर निघालं आणि ते सांभाळायला दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा पुढे झाल्या. १९६४ मध्ये त्या गेल्या. मग धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ते काम हाती घेतलं आणि २००६ पर्यंत सांभाळलं. बेचाळीस वर्षं! त्या पाळणाघराचंच पुढे तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज झालं, लडाखपासून कर्नाटकातल्या बायलाकुप्पेपर्यंत त्याच्या शाळा निघाल्या. तिथे मुलं घराघरांतून राहतात आणि प्रत्येक घराला एक आई असते. तिला मुलं ‘अमाला’ म्हणतात. आपल्या सरकारनेही १९६१ मध्ये तिबेटी शाळांसाठी वेगळी यंत्रणा उभी केली. पंडित नेहरूंनी त्यात मनापासून लक्ष घातलं होतं.

पण मुलामागे लागणारा दरमहाचा खर्च? त्यातले कितीतरी वार परदेशातल्या माणसांनी धरले. स्वित्झर्लंड, नॉर्वे, जर्मनी इथल्या साध्यासुध्या कुटुंबांनी. कोणी शिक्षिका, कोणी टपाल खात्यातला माणूस. एक कुटुंब, एक मूल, दर महिन्याला ठरलेली रक्कम. आता हिशेब करा. १९७० साली तिशीत असलेला दाता आज पंचाऐंशीच्या पुढे असणार. मंगळवारच्या काकू थकल्या, श्रोतेहो. त्यांचा वार कोणी घ्यायचा?

इथे मला नेहमी दोन प्रश्न विचारतात. पहिला, आपली मुलं काय कमी गरीब आहेत? नाहीत ना. त्यांचा घास काढून इकडे द्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण एक सांगते, यातली काही मुलं आपल्याच राज्यातली आहेत. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुका आहे. तिथे गोठणगावजवळ, नवेगावबांधच्या त्या जंगलपट्ट्यात, तिबेटी लोकांची वसाहत आहे. नोरग्येलिंग तिचं नाव. १९७२ पासून आहे. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, म्हणून जुनी माणसं तिला अजून भंडाऱ्याचीच वसाहत म्हणतात. तिथली दुसरी-तिसरी पिढी विदर्भाच्या उन्हात जन्मली, वाढली. त्या मुलांना ‘नेपाळी का?’ असं आपण बाजारात विचारतो. पन्नास वर्षं शेजारी राहिलेल्या माणसाचं नावगाव आपल्याला ठाऊक नसावं, हे बरं नाही.

दुसरा प्रश्न, ते तर व्यापार करतात, मग मदत कशाला? तो व्यापार कसा चालतो ते जरा ऐका. बराचसा माल लुधियानाहून उधारीवर येतो. हंगाम संपला की पैसे चुकते करायचे. थंडी पडली तर चार पैसे हातात. डिसेंबर उबदार गेला तर गठ्ठे तसेच, आणि कर्ज पुढच्या वर्षावर. अशा घरातल्या मुलाची फी हवामानावर ठरते. शिवाय आईवडील तीन-चार महिने फिरतीवर. मुलाने वसतिगृहात राहायचं नाही तर कुठे राहायचं?

आणखी एक म्हणतात, हल्ली तिबेटातून मुलं येणं जवळजवळ थांबलंय, शाळाही लहान झाल्या. खरं आहे. २००८ नंतर सीमेवरचा पहारा इतका कडक झाला की बर्फातून चालत येणारी मुलं फारशी राहिली नाहीत. पण वर्गात चाळीसऐवजी पंधरा मुलं असली तरी शिक्षक एक लागतोच. अमालाही लागतेच. चूल पंधरा मुलांसाठीसुद्धा पेटवावीच लागते.

म्हणून पुन्हा सांगते, मोठी रक्कम एकदा नको. लहान रक्कम, दर महिन्याला.

हे मी इतकं का घोकते, तर मी एकदा उलटं घडताना पाहिलंय. आमच्या शहरातल्या एका मंडळाने तिबेटी मुलांसाठी गाण्याचा मोठा कार्यक्रम केला. सभागृह भरलं. व्यासपीठावर टेबलाएवढा पुठ्ठ्याचा धनादेश, शाल, श्रीफळ, फोटो. हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. त्या पैशांच्या भरवशावर एका शाळेने चार जास्तीची मुलं वसतिगृहात घेतली. दुसऱ्या वर्षी मंडळाचे पदाधिकारी बदलले आणि विषयही बदलला, वृक्षारोपण आलं. झाडंही लावावीत. पण ती चार मुलं चौथीत होती आणि त्यांची आठ वर्षं अजून बाकी होती. पुरणपोळी जेवून झाली होती आणि गुरुवार समोर उभा होता.

आम्ही त्यातल्या एका मुलीचा वार धरला. सात घरं मिळून. प्रत्येकी महिन्याला दोनशे रुपये, पुढे तीनशे, मग पाचशे. दोन घरांनी मध्येच सोडलं. तेव्हा आम्ही आधी नवी दोन घरं शोधली आणि मगच सोडणाऱ्यांना निरोप दिला. हा नियम लिहून ठेवा: आपला वार सोडायचा असेल तर आधी दुसरं घर बघून द्यायचं. माणसाची नोकरी जाते, आजारपण येतं, सगळं मान्य. पण मुलाला ते गुरुवारी संध्याकाळी कळता कामा नये.

पावतीही मागा. हिशेब मागा, मुलाचं प्रगतिपुस्तक मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि पत्राला उत्तर द्या! हे मी जरा रागावूनच सांगते. ही मुलं आपल्याला पत्रं लिहितात आणि आपण पैसे पाठवले म्हणजे झालं असं समजतो. पहिली दोन वर्षं मीही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या वर्षी त्या मुलीने कागदभर फक्त मुळाक्षरं काढून पाठवली. त्यांची आणि खाली आपली. तिबेटी मुळाक्षरं तीस. क, ख, ग, ङ अशीच सुरुवात, आपला घ तेवढा नाही. पुढे च, छ, ज, ञ, आणि झ नाही. त्यांच्या परंपरेप्रमाणे सातव्या शतकात थोन्मी संभोटा भारतात येऊन शिकला आणि इथल्या लिप्यांवरून त्याने ती लिपी घडवली. घ आणि झ यांच्या जागी तिने दोन मोकळे चौकोन काढले होते, आणि खाली लिहिलं होतं, ही अक्षरं तुम्ही मला शिकवा. त्या रात्री मी उत्तर लिहायला बसले.

तिबेटात अशा शाळेत शिकणं अवघड, हे इथे सांगायला हवं. आपल्या भाषेत शिकता यावं म्हणून तर कित्येक आईबापांनी सहा-सात वर्षांची पोरं परक्या माणसांबरोबर बर्फातून पाठवली. तो विषय मोठा आहे, आता नको, घड्याळ दिसतंय मला.

तर सात घरं जमवा. एका इमारतीत जमतील, एका भिशीत जमतील. भिशीच्या बायकांना दर महिन्याला पैसे काढून ठेवायची सवय असतेच, त्यांच्याइतकं हे कोणालाच जमणार नाही. एकच मूल घ्या. अट एकच, तेच पुन्हा, शाळेतून बाहेर पडेपर्यंत.

आणि बारावीनंतरचं बोलायचं राहिलंच. तिथेच पुष्कळ दाते सोडतात, मूल मोठं झालं म्हणून. आम्ही वार धरलेली ती मुलगी नर्सिंगला गेली. शाळेचा खर्च आणि कॉलेजचा खर्च यांत फार अंतर असतं, त्यासाठी सात घरं पुरत नाहीत. आम्ही तेव्हा काय केलं, तर आधी तिच्याच वसाहतीतल्या— वेळ संपल्याची खूण झाली आहे.