वाटेबाहेरची गाडी आणि तिचें दुसरें आसन

मनुष्यानें चाक शोधून काढलें, तेव्हां त्याबरोबरच त्याला रस्ताही बांधावा लागला. रस्ता नसेल तेथें चाक रुततें, घसरतें किंवा उलथतें. म्हणून डोंगर, वाळू आणि चिखल हीं ठिकाणें दीर्घकाळ घोड्याच्या, उंटाच्या आणि पायीं चालणाराच्या वांट्याला राहिलीं. गेल्या अर्धशतकांत मात्र रस्त्याची वाट न पाहतां रानांत शिरणारी एक लहान गाडी प्रचारांत आली आहे. ‘ऑल टेरेन व्हेइकल’ किंवा थोडक्यांत ‘ए. टी. व्ही.’ या नांवानें ती ओळखली जाते. त्यांतील दोन आसनांची गाडी बाळगणें आणि आपल्या गरजेप्रमाणें व हौसेप्रमाणें तिच्यांत फेरफार करणें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या गाडीचा उगम व्यापाराच्या एका साध्या अडचणींत आहे. होंडा या जपानी कंपनीच्या अमेरिकेंतील विक्रेत्यांचा धंदा हिवाळ्यांत मंदावत असे. बर्फ पडल्यावर मोटारसायकल कोण घेणार? थंडींतही खपेल असें कांहीं तरी त्यांना हवें होतें. ओसामु ताकेउची या अभियंत्यानें फुग्यासारख्या रुंद व मऊ टायरांची एक तीनचाकी गाडी तयार केली आणि १९७० सालीं ती बाजारांत आली. तिचें सारें रहस्य टायरांत होतें. त्यांत हवा अगदीं थोडी भरलेली असे. हवा कमी म्हणून टायर जमिनीवर पसरे, भार मोठ्या क्षेत्रावर वांटला जाई, आणि चाक बर्फांत किंवा वाळूंत खोल जात नसे. उंटाचा पाय वाळूंत रुतत नाहीं, त्याचें कारणही हेंच.

परंतु तीन चाकांचा तोल बेताचाच. वळणावर ती गाडी चटकन् कलंडे, आणि तिच्यावर बसणारांत मुलेंही पुष्कळ असत. अपघात वाढल्यावर १९८८ सालीं अमेरिकन सरकार व कारखानदार यांच्यांत न्यायालयामार्फत तडजोड झाली आणि नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री बंद झाली. तत्पूर्वींच चारचाकी गाडी आलेली होती. तीही मोटारसायकलीप्रमाणें खोगिरावर बसून चालवावयाची. तिच्यांत चालविणाराचें शरीर हा यंत्राचाच एक भाग असतो. चढावर त्यानें पुढें झुकावें, उतारावर मागें सरावें, वळणावर आंतल्या बाजूस भार द्यावा, तेव्हां तोल राहतो. अशा एकट्याच्या गाडीवर पाठीमागें दुसरें माणूस बसविलें म्हणजे पुढच्याला हालतां येत नाहीं आणि मागच्याला पुढें काय येणार तें दिसत नाहीं. म्हणूनच एकट्यासाठीं केलेल्या गाडीवर सोबती घेऊं नये, असें कारखानदार गाडीवरच लिहून ठेवतात.

दोघांना शेजारीं शेजारीं बसतां यावें, पायाखालीं तळ असावा, हातांत मोटारीसारखें गोल चक्र असावें आणि डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा असावा, अशी गाडी हा पुढचा टप्पा होय. कावासाकी कंपनीची ‘म्यूल’ ही शेतकामाची गाडी १९८८ सालीं निघाली. नांवाप्रमाणेंच ती ओझें वाहणारी खेंचर होती. २००३ सालीं यामाहा कंपनीनें ‘ऱ्हायनो’ काढली आणि काम व करमणूक यांची सांगड घातली. २००७ सालीं पोलारिस कंपनीची ‘रेझर’ आली. तिची रुंदी मुद्दाम ५० इंच ठेवली होती, कारण अमेरिकेंतील पुष्कळ रानवाटांवर त्याहून रुंद गाडीस मज्जाव होता. गाडीचें माप वाटेनें ठरविलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

अशी गाडी घरीं आली कीं मालकाचे हात स्वस्थ बसत नाहींत. आणि त्यांत सर्वस्वीं हौसच असते असें नाहीं. भूमि बदलली कीं चाक बदलावें लागतें. कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल वाळूटेंकड्यांत मागच्या चाकांना वल्ह्यांसारख्या पट्ट्यांचे टायर लागतात. चिखलांत खोल खाचांचे टायर हवेत, तर खडकावर मऊ रबराचे व जाड बाजूंचे. गाडीच्या पोटाखालीं धातूचा पत्रा बसविला तर दगडाचा मार यंत्रास लागत नाहीं. पुढें दोर गुंडाळणारी विजेची कप्पी बसविली तर रुतलेली गाडी झाडाच्या बुंध्याच्या आधारानें स्वतःस ओढून काढते. मात्र ताणलेल्या दोराजवळ कोणी उभें राहूं नये, आणि झाडाची साल कापली जाऊं नये म्हणून बुंध्यास रुंद पट्टा लावावा. हे फेरफार शहाणपणाचे आहेत. वाटेची गरज पाहून ते केलेले असतात.

सर्वांत लोकप्रिय फेरफार मात्र उंची वाढविण्याचा आहे. मोठे टायर व उंच केलेल्या कमानी यांमुळें गाडी रुबाबदार दिसते आणि दगडधोंडे सहज ओलांडते. परंतु येथें शाळेंतील पदार्थविज्ञानाचा एक धडा आठवावा. गाडी केव्हां कलंडेल, हें दोन मापांवर ठरतें. एक, डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराचें निम्में. दुसरें, जमिनीपासून गुरुत्वमध्याची उंची. एक उदाहरण घेऊं. चाकांत ४० इंच अंतर आहे आणि दोघे बसले असतां गुरुत्वमध्य २५ इंचांवर आहे. अशी स्थिर उभी गाडी आडव्या उतारावर सुमारें ३९ अंशांपर्यंत तग धरील. आतां २५ इंच व्यासाच्या टायरांऐवजीं २९ इंचांचे घातले, तर गाडी २ इंच उचलली जाते. कमानींनीं आणखी २ इंच उचलली, तर गुरुत्वमध्य २९ इंचांवर जातो आणि तो कोन ३५ अंशांच्याही किंचित् खालीं येतो. चाकें दोन्ही बाजूंस दोन दोन इंच बाहेर सरकविलीं, तर तो पुन्हां ३७ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे उंचीनें गमावलेलें रुंदीनें कांहींसें परत मिळतें, सर्व नव्हे. शिवाय चाकांच्या बेअरिंगांवर ताण वाढतो तो निराळाच. धांवत्या गाडीस वळणावर यापेक्षां पुष्कळ कमी कलही पुरे होतो.

एक बदल दुसऱ्या बदलास बोलावतो, हेंही मालकाला लवकरच कळतें. या गाड्यांत बहुधा दोन कप्प्यांवरून फिरणारा रबरी पट्टा इंजिनाची शक्ति चाकांकडे नेतो. चाक २५ वरून २९ इंचांचें झालें, म्हणजे प्रत्येक फेऱ्यांत गाडी १६ टक्के अधिक अंतर कापते. तेवढा भार पट्ट्यावर वाढतो, तो तापतो आणि रानाच्या मध्यावर तुटतो. वेग दाखविणारा कांटा मूळच्या चाकास जुळविलेला असेल, तर प्रत्यक्ष वेग त्याच्याहून अधिक असतो. ओढ्यांतून जाण्यासाठीं इंजिनाची हवा घेणारी नळी उंच केली, पण पट्ट्याच्या पेटींत हवा नेणारी नळी तशीच खालीं ठेवली, तर पेटींत पाणी शिरून पट्टा घसरतो आणि गाडी प्रवाहांतच उभी राहते. दिवे, कप्पी, ऊबयंत्र हीं सर्व एकदम चालविलीं, तर लहान जनित्रास तें झेपत नाहीं आणि परतीच्या वेळीं बॅटरी रिकामी झालेली असते. छत, दारें, जादा चाक यांचें वजनही शेवटीं गाडीच्या ठरलेल्या भारांतूनच वजा करावें लागतें.

यांतील धोका केवळ तर्काचा नाहीं. ३१ मार्च २००९ रोजीं अमेरिकेच्या ग्राहकवस्तु सुरक्षा आयोगानें यामाहा कंपनीच्या सहकार्यानें ‘ऱ्हायनो’ गाड्यांच्या मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. आयोगानें पन्नासांहून अधिक अपघातांची चौकशी केली होती, आणि त्यांत ४६ माणसें दगावलीं होतीं. दोन-तृतीयांशांहून अधिक घटना गाडी उलटण्याच्या होत्या. पुष्कळ ठिकाणीं पट्टे बांधलेले नव्हते. आणि कित्येक गाड्या सपाट जमिनीवर, बेताच्या वेगानें वळतांना उलटल्या असाव्यात, असें दिसून आलें. उपाय काय योजिला? मागच्या चाकांशीं चकत्या घालून तीं बाहेर सरकविलीं, मागचा तोलदांडा काढून टाकला, आणि अर्धी दारें व सोबत्यास धरण्यासाठीं जादा मुठी बसविण्याचें काम चालू ठेवलें. हौशी मालक गाडी उंच करीत असतां विचारपूर्वक केलेली दुरुस्ती तिला रुंद करीत होती, यांतच सर्व बोध आहे.

दारांचें महत्त्व कां? गाडी कलंडूं लागली कीं मनुष्य उपजतच हात किंवा पाय बाहेर काढून तिला थोपवूं पाहतो. सायकलीवर ही संवय तारते. येथें कित्येक मणांची गाडी त्याच हातापायावर येते. पट्टा, दार अथवा जाळी आणि पिंजरा हीं तिन्ही मिळून माणसाला आंत ठेवतात. सोयीसाठीं दार काढणें किंवा दिवे बसविण्यासाठीं पिंजऱ्यास भोंकें पाडणें म्हणजे घराच्या खांबास खिळे ठोकून तो पोंखरणें होय. चालविणाराच्या हातीं निदान चक्र असतें, वळण कोठें येणार हें त्याला ठाऊक असतें. शेजारीं बसलेल्या पत्नीस, मुलास किंवा पाहुण्यास तेंही नसतें; गाडीची उंची कोणीं व किती वाढविली हें त्याला बहुधा माहीतही नसतें. पाठ आसनास टेकून ज्याचे पाय तळाला पोंचत नाहींत आणि हात मुठीला पुरत नाहींत, त्यास त्या आसनावर बसवूं नये, हा नियम म्हणूनच आहे. दुसरें आसन ही ठेव आहे. मालकानें ती तशीच सांभाळली पाहिजे.

गाडीप्रमाणें भूमीचेंही आहे. युटा राज्यांत मोआब गांवाभोंवतीं वाळवंटी मातीवर सूक्ष्म जीवांची काळपट साय धरलेली असते. तिच्यामुळें माती उडत नाहीं. पण चाकाखालीं ती एका क्षणांत मोडते आणि पुन्हां धरावयास कित्येक वर्षें लागतात. अमेरिकेच्या वनखात्यानें २००५ च्या नियमान्वयें नेमून दिलेल्या वाटांपुरतीच या गाड्यांना मोकळीक ठेवली. धूर सोडणाऱ्या नळींत ठिणग्या अडविणारी जाळीही आवश्यक असते. आवाज दणदणीत व्हावा म्हणून ती काढणारा माणूस कोरड्या रानांत वणव्यास आमंत्रण देतो.

महाराष्ट्रांत या गाड्या मुख्यतः पर्यटकांना भाड्यानें दिल्या जातात. नागांवसारख्या किनाऱ्यांवर त्या दृष्टीस पडतात. ज्या वाळूंत त्या धांवतात, तशाच कोंकणच्या वाळूंत वेळासजवळ कांसवें अंडीं घालतात, हें चालविणारानें विसरूं नये. रस्त्यावरच्या नोंदणीकृत वाहनांत मूळ नोंदीशीं विसंगत फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८, यांतील ५२ व्या कलमानें बंदी आहे. कित्येकांस तो जाच वाटतो. परंतु वरील हिशेब पाहिल्यावर त्यामागील हेतु उघड होईल.

गाडी सुधारणें यांत वाईट कांहीं नाहीं. ज्यानें स्वतः पाना हातीं धरला, तो आपलें यंत्र इतरांपेक्षां अधिक ओळखतो. मात्र एका वेळीं एकच बदल करावा, सपाट मोकळ्या जागीं हलक्या वेगानें तो पारखावा, आणि पहिली फेरी शेजारचें आसन रिकामें ठेवूनच मारावी. अंथरूण पाहून पाय पसरावे, असें जुने लोक सांगत. या गाडीचें अंथरूण तिच्या चार चाकांमधल्या अंतराएवढेंच आहे.