वाइड लेन्स घेण्याआधी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर केले आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय मी निवडलेला नाही, मुलांनी दिलाय. या वर्षात लिफ्टमध्ये मला निदान चार वेळा एकच प्रश्न विचारला गेला, "काका, वाइड अँगल लेन्स कुठली घेऊ?" विचारणाऱ्यांपैकी एकाने तर पहिल्या काही पगारांतून पैसे बाजूला टाकलेत. तीस-चाळीस हजारांची गोष्ट आहे, त्यामुळे जिन्यातल्या जिन्यात उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटेना. आणि ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी उठून जाऊ नका, कारण वाइड लेन्स तुमच्या सगळ्यांच्या खिशात आधीच आहे.

चेष्टा करत नाही. मोबाइलचा जो मुख्य कॅमेरा असतो, तो जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण २४ ते २६ मिलिमीटरचा असतो. पूर्वी फोटोग्राफर बॅगेत खास बाळगायचे तीच ही वाइड लेन्स. ०.५ असं लिहिलेलं बटण दाबलं की साधारण १३ मिलिमीटर, म्हणजे अतिवाइड. आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद. ५० मिलिमीटरची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४७ अंशांचं दिसणं पकडते, २४ ची ८४ अंशांचं आणि १६ ची १०७ अंशांचं.

हे आकडे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरसाठी आहेत. आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यात सेन्सर त्याहून लहान असतो, त्याला क्रॉप सेन्सर म्हणतात. तिथे लेन्सच्या आकड्याला दीडने गुणायचं, कॅननला १.६ ने. म्हणून कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ ची लेन्स १८ वर ठेवली की ती २७-२९ सारखी वागते. म्हणजे तीही वाइडच. मग नवीन कशाला हवी? सांगतो, पण आधी ती करते काय ते बघू.

बहुतेकांची समजूत अशी की वाइड लेन्स म्हणजे "सगळं मावतं" ती. मावतं हे खरं, पण मावताना काय होतं? जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं एकदम लहान होऊन मागे पळतं. नवीन फ्लॅट बघायला जाताना बिल्डरच्या माहितीपत्रकातला हॉल आठवा. दहा बाय चौदाचा हॉल कार्यालयासारखा दिसतो, सोफ्यापासून टीव्ही पार तिकडे. फोटो काढणाऱ्याने कोपऱ्यात पाठ लावून, कमरेच्या उंचीवर कॅमेरा धरून अतिवाइड लेन्सने तो काढलेला असतो. खोटं काही लिहिलेलं नसतं, भिंती त्याच असतात. आपल्यातले जुने सभासद हसतायत, म्हणजे पटलं.

खरं तर हा खेळ लेन्सचा नसून अंतराचा आहे. तुम्ही जिथे उभे राहता तिथून जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं प्रमाण ठरतं. लेन्स फक्त त्यातला किती भाग घ्यायचा ते ठरवते. पण लेन्स वाइड असली की आपण आपोआप जवळ जातो, म्हणून दोष आणि गुण दोन्ही तिच्या नावावर जमा होतात. सेल्फीत नाक मोठं दिसतं ते याचमुळे. हात जेवढा लांब तेवढंच अंतर. त्यात नाक कानापेक्षा बरंच जवळ पडतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एका रविवारी सिन्नरला गोंदेश्वराला जा. यादवकाळातलं देऊळ, पंचायतन. मधे मोठं शिवमंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळं. कोपऱ्यातल्या लहान देवळापासून चार पावलांवर उभं राहून वाइडने फोटो घ्या. लहान देऊळ अवाढव्य आणि मागचं मुख्य मंदिर त्याच्या लेकरासारखं दिसेल. मग तीस पावलं मागे या, झूम करून लहान देऊळ आधीच्याच आकाराचं करा आणि पुन्हा घ्या. आता मुख्य मंदिर आपल्या मोठेपणाला आलेलं दिसेल. ही दोन छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवली की कुठल्याही पुस्तकाची दहा पानं वाचल्यासारखं होतं. नांदूरमध्यमेश्वरला मात्र पक्षी टिपायला वाइड नेऊ नका. फ्लेमिंगो येईल, पण मोहरीएवढा.

वाइड लेन्स खरी कुठे लागते, तर मागे सरकायला जागा नसते तिथे. आपल्या जुन्या नाशकाइतकं याला चांगलं ठिकाण नाही. रंगपंचमीला तिवंध्यात, शनी चौकात पेशवेकाळातल्या रहाडी उघडतात. वर्षभर जमिनीखाली झाकलेला हौद, त्यात रंगाचं पाणी आणि वरून धप्पा मारणारी पोरं. चौक केवढासा, माणसं किती! तिथे ५० ची लेन्स घेऊन गेलात तर फक्त कोणाची तरी पाठ येते. क्रॉप कॅमेऱ्याला १६-१८, फुल फ्रेमला २४-२८ लावा आणि काठाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. शटर १/५०० च्या खाली नको, नाहीतर उडी मारणारा धुरकट येतो. लेन्सला साधा काचेचा फिल्टर लावा आणि कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. रंग सुकला की बटणांच्या फटीतून निघत नाही.

आता जरा माझ्या घरचं सांगतो. तिवंध्याजवळ आमचा वाडा होता. तो उतरवायचा ठरला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी फोटो काढले. अल्बममध्ये चाळीसेक आहेत. त्यातले बहुतेक भिंतीला पाठ लावून, "सगळं यायला पाहिजे" म्हणून काढलेले. त्यात भिंत येते, जमीन येते, आणि मधे काही नाही. एकच फोटो वेगळा आहे, माझ्या थोरल्या बंधूंनी २८ मिलिमीटरच्या लेन्सने काढलेला. ते दारात थांबले नाहीत, उंबरा ओलांडून दोन पावलं आत गेले आणि खाली बसले. पुढे जातं, त्याच्या मागे झोपाळ्यावर काकू, तिच्या मागे देवळी, फडताळ आणि परसात उघडणारं दार. पुढून मागे नजर चालत जाते. आज पुण्याची नात विचारते, "आजोबा, माजघर म्हणजे काय?" तेव्हा मी तो एक फोटो काढून दाखवतो. ते माजघर आता तेवढ्याच कागदावर आहे.

याच काकूचा दुसरा एक फोटो आहे, एका मुंजीतला. पाहुण्यांपैकी कोणीतरी काढलेला, तीस माणसांचा, काकू अगदी डाव्या टोकाला. वाइड लेन्सने काढलेल्या घोळक्यात टोकाच्या माणसाचा चेहरा बाहेरच्या बाजूला ताणला जातो. बॅटरीचा झोत समोरच्या भिंतीवर गोल पडतो आणि तिरका पाडला की लांबट होतो, तसंच. काकू गेली तेव्हा तिचा सगळ्यात अलीकडचा फोटो तोच होता. स्टुडिओवाल्याने खूप प्रयत्न केला, पण गाल काही जाग्यावर येईना. शेवटी माजघरातल्या फोटोतून चेहरा मोठा करून घेतला. दाणेदार आला आहे, पण काकू काकूसारखी आहे.

म्हणून लग्नामुंजीत फोटो काढणाऱ्यांना एकच विनंती. घोळका असेल तर मोबाइलवर ०.५ दाबू नका. चार पावलं मागे जा, शक्य असेल तर २x वर या. मागे जागाच नसेल तर रांग सरळ न ठेवता दोन-तीन ओळी करा, म्हणजे रुंदी कमी होते. वयस्कर माणसं मधे बसवा. टोकाला उंच, अंगाने बारीक भाचे-पुतणे उभे करा. ते थोडे रुंद झाले तर बिघडत नाही.

उभ्या इमारतींचंही एक पथ्य आहे. काळारामाच्या अंगणात उभं राहून शिखर यावं म्हणून कॅमेरा वर केला की देऊळ मागे पडतंय असं दिसतं. लेन्स जितकी वाइड तितकं जास्त. उपाय साधा आहे. ओवरीपर्यंत मागे जा, कॅमेरा उभा धरा आणि तो मुळीच वर न उचलता सरळ समोर ठेवा. खाली फरशी जास्त येईल, ती नंतर कापून टाका. नाहीतर फरशीवर काहीतरी असू द्या, दाणे टिपणारी कबुतरं, बसलेलं एखादं कुटुंब. मला तर दुसराच उपाय आवडतो.

कॅमेऱ्याचं तंत्र मुलांना यूट्यूबवर भरपूर मिळतं, म्हणून थोडक्यात. छिद्र किती उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि आयएसओ किती, या तीन गोष्टींचा मेळ. छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर. वाइड लेन्समध्ये एक सोय आहे. फुल फ्रेमला २४ मिलिमीटर, अ‍ॅपर्चर एफ/८ आणि फोकस साधारण अडीच मीटरवर ठेवला, तर सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. क्रॉपवर १६ मिलिमीटर असेल तर फोकस दीड-पावणेदोन मीटरवर. सकाळी गंगेवर गेलात, की असं लावून ठेवा आणि मग फक्त माणसांकडे बघा. हात साधारण स्थिर असेल तर १/६० पर्यंत तिपाईशिवाय चालतं. कोपरं अंगाला चिकटवायची, श्वास अर्धा सोडायचा.

बरं, घ्यायची का? ज्याने पैसे साठवलेत त्याला मी असं सांगितलं. महिनाभर आपली १८-५५ वापर. मग कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोची माहिती उघडून बघ, किती मिलिमीटरवर काढलाय ते तिथे लिहिलेलं असतं. शंभरातले पाच-दहाच १८ वर असतील तर पैसे बँकेत राहू दे. निम्म्याहून जास्त १८ वर असतील आणि त्या वेळी तुझी पाठ खरोखर भिंतीला लागलेली असेल, तर १०-२० च्या आसपासची झूम बघ. तीही आधी दोन दिवस भाड्याने आण. पगार कमी पडत असेल तर एफ/२.८ च्या मागे लागू नकोस. घाट, डोंगर, वाडा यांना एफ/४ पुरते आणि लेन्स हलकी होते. अंधाऱ्या कार्यालयात पैसे घेऊन लग्नं करणार असशील तर गोष्ट वेगळी.

दोन बारीक गोष्टी दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. काही अतिवाइड लेन्सची पुढची काच फुगीर असते, तिला साधा फिल्टर बसत नाही. पावसाळ्यात दुगारवाडीसारखा धबधबा दुधासारखा काढायचा असेल तर काळा एनडी फिल्टर लागतो, तेव्हा हे आधी बघा. आणि पोलरायझर वाइडला लावला तर निळ्या आकाशात एकाच ठिकाणी गडद डाग पडल्यासारखं दिसतं. जुनी लेन्स घेत असाल तर मागून बॅटरी मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. स्वस्त असली तरी सोडून द्या. आपल्याकडे चार महिने दमट हवा, त्यामुळे कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कपाटात ठेवू नका. झाकणाचा स्टीलचा डबा आणि सिलिका जेल, एवढ्याने भागतं.

आता समितीपुढे एक मागणी. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मुळे सगळ्यांना माहीत आहेत. पांडवलेण्याखाली त्यांचं स्मारक आपण बघतोच. पण त्याच्या आधी १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त दिवस रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलं. त्यात महागडी लेन्स नव्हती. कॅमेरा जागेवरून हलला नाही, एवढंच. सिंहस्थ जवळ आला की आपलं गाव दर बारा वर्षांनी बदलतं. घाट, रस्ते, पूल, सगळं. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या गेटसमोरच्या मोकळ्या रानाचं काय झालं, ते जुन्या सभासदांना आठवतं. पण एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो आपल्या कपाटात नाहीत.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता सगळ्यांचा फोटो आहे. मी तो ए विंगच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, ३५ मिलिमीटरवर काढणार आहे. सगळ्यांनी वर बघायचं, अर्धगोल करायचा, आजी-आजोबांसाठी खुर्च्या मधे. तेवढाच फोटो दर वर्षी त्याच तारखेला, त्याच जागेवरून, कोणाच्याही मोबाइलने निघावा. त्यासाठी गॅलरीच्या कठड्यावर मी लाल ऑइल पेंटची छोटी फुली मारली आहे. पुढच्या रंगकामात काँट्रॅक्टरला ती पुसू देऊ नका.