घर घेणाऱ्याचा वकील कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



निवाऱ्याचा प्रश्न आपण नेहमी मोर्चाच्या आणि मागणीच्या भाषेत मांडतो, आणि तो तसाच मांडला गेला पाहिजे. जमीन ही नफेखोरीची वस्तू आहे तोवर घर मिळवताना कष्टकरी माणूस नागवला जाण्याचा धोका राहणारच. परंतु ही व्यवस्था बदलेपर्यंत आपल्या वस्तीतला माणूस थांबून राहत नाही. ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी आणि घरातले दागिने एकत्र करून तो खोली घ्यायला निघतो आणि आपल्या कार्यकर्त्याला विचारतो, ‘साहेब, कागद जरा बघता का?’ त्या वेळी आपण त्याला काय सांगतो, हा आजचा विषय आहे. माझे म्हणणे एवढेच, की घर घेणाऱ्याचा वकील हा घर घेणाऱ्याचाच असला पाहिजे आणि त्याचा लेखी अभिप्राय इसाराची रक्कम देण्यापूर्वी हाती आला पाहिजे.

आपल्याकडे एक समजूत दृढ आहे, की दस्त ‘रजिस्टर’ झाला म्हणजे घर आपले झाले. ही समजूत घातक आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंद होते ती दस्ताची. विकणाऱ्याच्या मालकीची हमी सरकार त्यातून देत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे मालकीतील दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे खरे. पण त्याच कायद्यानुसार एखादा गहाणाचा वा विक्रीचा दस्त रीतसर नोंदलेला असेल, तर खरेदीदाराला तो ठाऊक होता असे गृहीत धरले जाते. ‘मला कोणी सांगितले नाही’ ही सबब मग चालत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याने शुल्क भरून सूची तपासण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला दिला आहे. परंतु तीस वर्षांच्या नोंदी, सातबारा, फेरफार, मालमत्ता पत्रक यांचा मेळ घालून वारसाची सही कोठे राहिली, बोजा कोठे उतरला नाही, हे ओळखणे शिकलेल्या नजरेचे काम आहे. मुंबईत जुनी माणसे या कामासाठी सॉलिसिटरकडे जात. इतरत्र ते दिवाणी वकील करतात.

सरकारी शिक्का पाहून निर्धास्त होऊ नये, हे कल्याण-डोंबिवलीने शिकवले. तेथील 65 इमारतींसाठी महापालिकेची बनावट परवानगीपत्रे जोडून महारेराची नोंदणी मिळवली गेली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी कर्जे काढून संसार थाटले होते, त्यांच्याजवळ करारनामे होते आणि नोंदणीचे क्रमांकही होते. परवानगीचा कागद ज्या कचेरीतून निघाला असे म्हटले जाते, त्या कचेरीत जाऊन तो ताडून पाहणारा त्यांचा स्वतःचा माणूस मात्र बहुतेकांजवळ नव्हता.

आता वकील कोणाचा, हा मुद्दा. बिल्डर सांगतो, ‘आमचे वकील सगळे करून देतील, तुम्हाला खर्च नाही.’ त्या वकिलाने करारनामा लिहिला आहे तो बिल्डरच्या हितासाठी. तो वाईट माणूस आहे म्हणून नव्हे, त्याचे अशील वेगळे आहे म्हणून. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियमही एकाच प्रकरणात एका पक्षाचे काम केल्यावर विरुद्ध पक्षाचे काम करण्यास मनाई करतात. बँकेच्या वकिलाचेही तसेच. त्याच्या अहवालाचे पैसे कर्जदार भरतो, पण अहवाल असतो बँकेच्या रकमेच्या सुरक्षिततेपुरता. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसताना पावसाळ्यात पाणी कोठून येणार, याची चिंता बँकेला नसते.

मग निवड कशी करावी? वकिलांना जाहिरातबाजी करण्यास मनाई आहे; तेव्हा दलालाने खिशातून काढून दिलेल्या कार्डावर विसंबू नये. त्याच भागातील दोन-तीन गृहनिर्माण संस्थांच्या चिटणीसांना विचारावे, की तुमचे अभिहस्तांतरण कोणी करून दिले. पहिल्या भेटीत स्पष्ट विचारावे: या बिल्डरचे वा विक्रेत्याचे काम आपण करता का? शोध स्वतः घेणार की कारकुनाकरवी? फी किती, आणि सूचीशोधाचा व जाहीर नोटिशीचा खर्च त्यात धरला आहे का? फी लेखी ठरवावी आणि ती व्यवहार पार पडण्यावर अवलंबून ठेवू नये. ज्याला व्यवहार मोडल्यास काहीच मिळणार नाही, तो ‘हे घर घेऊ नका’ असे सांगायला कचरेल. आणि आपण पैसे मोजतो ते मुख्यतः याच वाक्यासाठी.

ही निवड जपून करण्यास आणखी एक कारण आहे. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. चूक झाल्यास बार कौन्सिलकडे तक्रार वा दिवाणी दावा, एवढेच मार्ग उरतात, आणि दोन्ही लांबचे आहेत.

वकील नेमला म्हणजे आपले काम संपले असेही नाही. त्याला सर्व कागद द्यावेत, तोंडी दिलेली आश्वासनेही सांगावीत. केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर विकत असतील तर तेथेच थांबावे. अशा कागदाने मालकी येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निःसंदिग्ध सांगितले आहे. 2016 च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ती मागितली तर वकिलाला कळवावे. करारनाम्याचा मसुदा सहीच्या दिवशी नव्हे, आठ दिवस आधी घरी आणावा, आणि घरातल्या स्त्रीसह बसून तो वाचावा. घर दोघांच्या नावे असावे, हेही तेव्हाच ठरवावे.

यावर आपला माणूस म्हणेल, वेगळ्या वकिलाची फी मला परवडत नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि आपल्या संघटनेचे काम येथूनच सुरू होते. एका इमारतीत चाळीस कुटुंबे घर घेत असतील तर जमिनीचा इतिहास चाळीस वेळा तपासावा लागत नाही. सर्वांनी मिळून एक वकील नेमावा, एक अहवाल घ्यावा. हीच माणसे उद्या संस्थेचे सभासद होणार आहेत. 1963 च्या मोफा कायद्याखाली संस्था नोंदल्यानंतर चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून देण्याचे बंधन बिल्डरवर होते. ते इतक्या सर्रास मोडले गेले, की 2008 साली कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. एकेकट्याने घर घेतलेली माणसे तेव्हा एकत्र आली, पण वीस-वीस वर्षांनी.

म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक शाखेने आपल्या भागातील बिल्डरांशी संबंध नसलेल्या दोन वकिलांशी बोलून ठेवावे, कोणत्या इमारतीचे खरेदीदार कोण याची माहिती ठेवावी आणि इसार देण्यापूर्वी त्यांची एक बैठक घडवून आणावी. ‘कागद बघता का’ असे विचारणाऱ्याला आपण स्वतः कागद बघून देऊ नयेत. तो आपला अधिकार नव्हे. त्याला त्याच्या शेजाऱ्यांशी आणि त्या सर्वांच्या वकिलाशी जोडून द्यावे.