गिऱ्हाइकाची साक्ष

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील 'माझा व्यवसाय, माझा अनुभव' या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे, की स्वतःच्या धंद्याची जाहिरात करायची नाही, सगळ्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी सांगायचं. आपल्या तुकडीत दुकानदार आहेत, दवाखाना चालवणारे आहेत, द्राक्षबागायतदार आहेत, घरी मसाले आणि पापड करून विकणाऱ्या मैत्रिणी आहेत. माल वेगळा असला तरी आपल्या सगळ्यांपुढचा प्रश्न एकच आहे. अनोळखी माणसाने आपल्यावर विश्वास का ठेवावा?

मी सांगली जिल्ह्यात घरांच्या छतावर सौरऊर्जेचे संच बसवतो. हा सौदा मोठा अवघड आहे. पैसे आज मोजायचे आणि फायदा पुढची पंचवीस वर्षं थोडा थोडा मिळणार. साडी हातात घेऊन पोत बघता येतो, आंबा नाकाला लावता येतो. छतावरच्या काळ्या पट्ट्यांकडे बघून काही कळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची 'पीएम सूर्यघर मोफत बिजली योजना' सुरू झाली. एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. चौकशा वाढल्या, पण चौकशी करणारा प्रत्येकजण माझ्याकडे संशयानेच बघायचा.

त्याला कारणही होतं. त्याआधी आमच्या भागात बाहेरच्या एका कंपनीने बऱ्याच घरांतून आगाऊ रक्कम गोळा केली आणि नंतर तिचा फोन लागेना. माझा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. "तुम्ही तरी पळून जाणार नाही कशावरून?" हा प्रश्न मी रोज ऐकत होतो आणि माझ्या हातात रंगीत पत्रकाशिवाय काही नव्हतं. पत्रकात मीच म्हणणार की मी चांगला. त्यावर कोण विश्वास ठेवणार?

त्या दिवसांत एका जाहिरात संस्थेचा माणूस आला. "दहा समाधानी ग्राहकांचे व्हिडिओ करून देतो," म्हणाला. "ग्राहक तुम्ही आणायची गरज नाही, माणसं आमच्याकडे आहेत." मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. एकदा फसलेल्या गावात खोटा चेहरा दाखवणं म्हणजे उरलासुरला धंदाही बुडवणं. आता तर त्याच्या कामाला माणसंही लागत नाहीत, संगणकच चेहरा आणि आवाज तयार करून देतो. म्हणून खऱ्या माणसाच्या बोलण्याची किंमत उलट वाढली आहे, असं मला वाटतं.

माझा पहिला व्हिडिओ एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालककाकांचा. त्यांच्याकडे तीन किलोवॉटचा संच बसून वर्ष झालं होतं. मी मोबाइल धरला आणि म्हणालो, "काका, तुम्हाला वाटतं ते बोला." काका बिलांची फाइलच घेऊन बसले. उन्हाळ्यात किती युनिट तयार झाली, जुलैत किती घसरली, सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाले, "लोक सांगतात बिल शून्य येतं. शून्य येत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो. आणि बोअरच्या पाण्याने पॅनेल धुतली की पांढरे डाग पडतात, मऊ पाणी शोधावं लागतं."

माझा पुतण्या दुकानात माझ्याबरोबर असतो. तो म्हणाला, "काका, शून्याचं आणि डागांचं कापून टाकू." मी कापू दिलं नाही. तो व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सॲप गटात गेला आणि लोकांनी नेमकं तेच वाक्य धरलं. जो माणूस वाईटही सांगतो, तो चांगलं सांगतो तेव्हा खरं असणार, असा हिशेब लोक न शिकवता करतात. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्यांचे प्रश्नच बदलले. "पळून जाणार नाही ना?" याऐवजी "माझ्या छतावर किती किलोवॉट बसेल?" असं विचारू लागले. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, इथून बोलणं सुरू व्हायला लागलं. विक्री वाढली ती अशी.

इथे आपल्या विज्ञानाच्या सरांची आठवण काढतो. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने असत. निरीक्षणाचा रकाना कोरा ठेवून थेट अनुमान लिहिलं की सर वही परत देत. बहुतेक ग्राहकांचे व्हिडिओ म्हणजे नुसती अनुमानं असतात : "छान आहे, मस्त आहे, जरूर घ्या." ऐकणाऱ्याला हवं असतं निरीक्षण. म्हणून मी व्हिडिओ घेताना पाचच प्रश्न विचारतो. आधी अडचण काय होती? घेताना भीती कशाची वाटत होती? आता आकडा काय आहे? काय आवडलं नाही? आणि हे कोणी घेऊ नये? पाचवा प्रश्न ऐकून माणूस चमकतो, पण विचार करून उत्तर देतो. ज्याच्या छतावर शेजारच्या झाडाची दिवसभर सावली पडते, त्याने घेऊ नये, हे एका गिऱ्हाइकानेच लोकांना सांगितलं. माझा वेळ वाचला आणि त्या माणसांचे पैसे.

उत्तरं पाठ करून घ्यायची नाहीत. भाषा सुधारायची नाही. "लाइट गेली की हेबी बंद पडतंय, पर ते आदी सांगितलं हुतं," असं घरी शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी सांगितलं. बॅटरी नसलेला संच वीज गेल्यावर आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ती सोय असते. मी हे शंभर वेळा समजावलं असेल, पण ताईंच्या तोंडून ते लोकांना पटकन पटलं. तंत्र म्हणाल तर इतकंच : चेहरा उजेडाकडे ठेवा, मोबाइल जवळ धरा, गच्चीवर वारं असेल तर खोलीत बसा, दीड-दोन मिनिटांत आटपा. वापरून सगळे ऋतू बघितल्यावरच माणसाला बोलायला लावा. बिल दाखवणार असाल तर त्यावरचा ग्राहक क्रमांक आणि पत्ता झाका.

परवानगी लेखी घ्या, आणि "नको वाटलं तर कधीही काढून टाकू" हेही त्यात लिहा. बोलण्याबद्दल मी पैसे देत नाही, सूटही देत नाही. तुम्ही काही दिलंच तर ते उघड सांगा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधला आहे, आणि जून २०२२ मध्ये त्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं आली. शिफारस करणाऱ्याचं मत खरं आणि अनुभवावर आधारलेलं असलं पाहिजे, त्याचे विकणाऱ्याशी लागेबांधे असतील तर ते सांगितले पाहिजेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत.

पण मला दंडापेक्षा जास्त धाक आहे तो त्या एसटीवाल्या काकांचा. व्हिडिओ फिरल्यावर काही महिन्यांनी ते दुकानात आले आणि म्हणाले, "आता लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात. माझ्या शब्दावर चार घरांनी संच घेतला. त्यातलं एक जरी बिघडलं आणि तू गेला नाहीस, तर मला पारावर बसायला तोंड राहणार नाही." त्या दिवशी मला नीट कळलं, की व्हिडिओ माझा असला तरी त्यात पणाला लागलेली पत त्यांची आहे. त्यांनी ती आयुष्यभर एसटी चालवून कमावली आणि मला फुकट वापरायला दिली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : ज्यांच्या शब्दावर गिऱ्हाईक आलं, त्या गावातली तक्रार आधी बघायची, नवीन काम नंतर. व्हिडिओने गिऱ्हाईक दारापर्यंत येतं. ते टिकतं ते आपण फोन उचलतो म्हणून.

आपल्यापैकी बरेचजण विकणारे नाहीत, विकत घेणारे आहेत. त्यांना एक सांगतो. व्हिडिओ कोणाचा घ्यायचा हे शेवटी विकणाराच ठरवतो. नाराज गिऱ्हाइकाकडे मोबाइल घेऊन कोणी जात नाही. म्हणून व्हिडिओ बघून लगेच पैसे देऊ नका. त्यात गाव सांगितलंय का, आकडा आहे का, एखादी उणीव सांगितली आहे का, ते बघा. पाच माणसं एकच वाक्य बोलत असतील तर सावध व्हा. आणि विकणाऱ्याला विचारा, "ज्याचा व्हिडिओ नाही अशा एखाद्या गिऱ्हाइकाचं घर दाखवता का?" माझ्याकडे अशी घरं आहेत. मालकाला आधी फोन करून विचारतो, तो हो म्हणाला की माणसाला पाठवून देतो. मी बरोबर जात नाही.

पापड विकणाऱ्या मैत्रिणींना हेच सांगेन. आधी चांगला पापड करा, मग ज्या वहिनी दर वर्षी नेतात त्यांना विचारा, "तळताना काय अनुभव आला?" त्या जे बोलतील ते तसंच लोकांपुढे ठेवा. थोडं तिखट बोलल्या तरी घाबरू नका.

एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत. वर्गात मी तुम्हाला कधी शांत बसू दिलं नव्हतं, त्यामुळे जास्तच आभार.