सातबारा आणि सरपंचपद



 माझ्या उमेदीची सारी वर्षे महसूल खात्यात, फेरफाराच्या नोंदी तपासण्यात आणि वारसांचे जबाब घेण्यात गेली. त्या दफ्तरांतून स्त्रीच्या स्थितीचे जे दर्शन मला घडले, ते व्याख्यानांतून आणि ग्रंथांतून क्वचितच घडते. म्हणून या अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून आजचे माझे निवेदन मी त्या अनुभवाच्या आधारेच करणार आहे.

पंचायतीत निवडून आलेल्या स्त्रिया आणि पतसंस्था सांभाळणाऱ्या स्त्रिया सहसा निरनिराळ्या मांडवांत जमतात. एका मांडवात आरक्षणाच्या टक्केवारीची चर्चा होते, दुसऱ्यात ठेवी आणि कर्जवसुलीची. आपण मात्र या दोघींना एकत्र बोलावलेत, आणि त्यातच या अधिवेशनाचे खरे महत्त्व आहे, असे मी मानते. कारण जिच्या नावावर काहीच नाही, तिच्या हाती आलेला अधिकार दुसऱ्याच्या मर्जीवर टिकतो; आणि जिच्या हाती अधिकार नाही, तिच्या नावावर आलेली मालमत्ता पहिल्या तंट्यातच हातची जाते. राजकीय नेतृत्वाच्या वाटेवरचा अडसर आणि आर्थिक स्वातंत्र्याच्या वाटेवरचा अडसर हे दोन नसून एकच आहेत, आणि ते एकदमच दूर करावे लागतील, एवढेच मला आज सांगायचे आहे.

हा संबंध आजचा नाही. मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाने स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव १९२१ साली संमत केला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या काळी मतदारयादीत नाव येण्यासाठी मालमत्तेची, सारा किंवा कर भरण्याची अट असे, आणि ज्या समाजात घर, जमीन आणि दुकान पुरुषाच्या नावावर चालत आले होते त्या समाजात ही अट पुरी करणाऱ्या स्त्रिया किती निघणार? हक्क कायद्याने दिला आणि मालमत्तेच्या अटीने बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत तो काढून घेतला. स्वतंत्र भारताच्या घटनेने सार्वत्रिक प्रौढ मतदान देऊन ती अट रद्द केली. पण मत देणे आणि मताच्या बळावर कारभार हाती घेणे यांतील अंतर पुष्कळ वर्षे तसेच राहिले.

हे अंतर तोडण्याची खटपट महाराष्ट्रात आरक्षणाच्या बऱ्याच आधी सुरू झाली होती. बारामती तालुक्यातील निंबूत येथे १९६३ च्या सुमारास संपूर्ण पंचायतच स्त्रियांची निवडून आली. १९७२ मध्ये मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांनी महागाईच्या प्रश्नावर मुंबईच्या गृहिणींना लाटणी हाती देऊन रस्त्यावर आणले, तेव्हा तेल, साखर आणि रेशनचे धान्य हे सरकारला जाब विचारण्याचे विषय आहेत, हे राज्यकर्त्यांना प्रथमच इतक्या स्पष्टपणे कळले. शेजारच्या गोमंतकात १९७३ साली शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. पुढे १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात येऊन पंचायतींत एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. आज या सभामंडपात बसलेल्या शेकडो भगिनी हे त्या कायद्याचे फळ आहे, आणि ते फळ गोड आहे याविषयी माझ्या मनात लवमात्र शंका नाही.

परंतु या इतिहासातील जो प्रसंग मला सर्वांत उद्बोधक वाटतो, तो आरक्षणाच्या आधीचा आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे विराट अधिवेशन भरले आणि शरद जोशी यांच्या पुढाकाराने शेतकरी स्त्रियांनी पंचायतींच्या निवडणुका लढवण्याचा निर्धार केला. त्या निर्धाराचे प्रत्यंतर १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेर गावाने दिले. तेथे सर्व जागांवर स्त्रियाच निवडून आल्या. पण चळवळ तेवढ्यावर थांबली नाही. कारभार बाईच्या हाती आणि जमीन बुवाच्या नावावर, ही विसंगती कार्यकर्त्यांच्या ध्यानात आली, आणि त्यातून लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावे करून देतील, ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून जाहीर व्हायचे. विटनेरनेही हा मार्ग स्वीकारला. ग्रामपंचायतीची खुर्ची आणि सातबाऱ्यावरची नोंद यांची सांगड घालण्याचा असा बुद्धिपुरस्सर प्रयत्न मला अन्यत्र फारसा आढळला नाही, आणि म्हणून तो विस्मृतीत जाऊ नये, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

याच जळगाव जिल्ह्यातील दुसरे एक गाव, विचखेडा, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथील निवडून आलेल्या महिला सरपंच सासूसह सरकारी जागेवरील घरात राहतात, असा आक्षेप गावातल्या काही जणांनी घेतला. आपण पती आणि मुलांसह भाड्याच्या घरात वेगळ्या राहतो, असे सरपंचबाईंचे म्हणणे होते. तरी जिल्हाधिकाऱ्यांपासून वरच्या टप्प्यापर्यंत त्यांना अपात्रच ठरवले गेले. अखेर सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पद त्यांना परत दिले. एक स्त्री सरपंच होऊन निर्णय घेते आणि ते आपल्याला पाळावे लागतात, हेच गावकऱ्यांच्या पचनी पडलेले दिसत नाही, असा अभिप्राय न्यायालयाने नोंदवला आणि लोकनियुक्त प्रतिनिधीला दूर सारताना अधिकाऱ्यांनी दाखवलेल्या बेफिकिरीवरही बोट ठेवले. या प्रकरणाचा मथितार्थ नीट ध्यानात घ्या. घर सासरचे, जागा सरकारची, त्यांपैकी कशावरही त्या बाईची मालकी नाही. आणि तरीही त्याच घराच्या निमित्ताने तिचे पद गेले. मालमत्तेचा लाभ नाही, पण मालमत्तेचा दोष मात्र तिच्या पदरात, अशी ही रीत आहे.

आता पैशाच्या बाजूकडे वळू. गिरणगावात घरापासून दूर राहणाऱ्या हजारो कामगारांना दोन वेळचे जेवण रांधून घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर जगत होत्या. अडीनडीला मंगळसूत्रही गहाण पडत असे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांचे गट केले, एकीला दुसरीचा जामीन दिला, आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार त्यांच्यासाठी उघडले. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नव्हते त्यांचा परस्परांवरील विश्वास हेच तारण ठरले.

माण तालुक्यातील म्हसवडची हकिकत तर याहूनही बोलकी आहे. चेतना सिन्हा यांच्या प्रेरणेने तेथील कष्टकरी स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक काढण्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेकडे केला. पण प्रवर्तकांपैकी अनेकींचे अंगठे पाहून तो फेटाळण्यात आला. बायका खचल्या नाहीत. त्यांनी अक्षरओळख करून घेतली, सही शिकल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहून म्हणाल्या की, आम्हाला कोणतीही मुद्दल सांगा, तिचे व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांनी ते यंत्रावर काढावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. दुष्काळी मुलखातल्या बाईला हिशेब येत नव्हता असे नाही. तिचा हिशेब मान्य करणारा कागद तेवढा तिच्यापाशी नव्हता.

कागदाची गोष्ट निघाली, म्हणून मंडल अधिकारी असताना मी वारंवार पाहिलेले एक दृश्य सांगते. वडील जातात, वारसनोंदीला बहिणींची नावे लागतात, आणि वर्षश्राद्धाच्या आत भाऊ बहिणीला आणायला जातो. माहेरपण होते, लुगडे होते, आणि परतीच्या आधी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिची सही होते. मजकूर आधीच टंकून आणलेला असतो, आणि त्यात स्वखुशीने, कोणाच्याही दडपणावाचून, हे शब्द न चुकता असतात. अशाच एका फेरफाराच्या वेळी पन्नाशीतल्या एका विधवा बाईंना मी विचारले, ‘‘ताई, हा कागद कशाचा आहे, ठाऊक आहे ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘ठाऊक आहे, मॅडम. माझं नाव राहिलं तर भावाला सोसायटी पीककर्ज देताना माझी सही मागते. ती कटकट नको म्हणतो. माहेरी पाणी प्यायला जागा राहू दे, एवढंच.’’ त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. कायद्याने पाहता त्यांच्या संमतीत काही उणे नव्हते, आणि मला तो फेरफार मंजूर करावा लागला.

भगिनींनो, कायदा तोकडा आहे असे आता कोणाला म्हणता येणार नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, म्हणजे देशाच्या अकरा वर्षे आधी, मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, जरी त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद पुसला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचा निर्वाळा दिला. तरीही कायद्याने मिळालेला हक्क माहेरच्या ओट्यावर सुटतो, कारण तेथे बहिणीच्या पाठीशी कोणी उभे नसते. पाठीशी कोण उभे राहू शकते? ग्रामसभा, पंचायत, पतसंस्था. म्हणजे आज येथे जमलेल्या आपण सर्वजणी.

लोकसभा आणि विधानसभा यांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांना बांधलेली आहे. २८८ सदस्यांच्या महाराष्ट्र विधानसभेत २०१९ च्या निवडणुकीतून अवघ्या २४ स्त्रिया आल्या होत्या. ज्या राज्यात निम्म्या पंचायतींचा कारभार स्त्रिया पाहतात, तेथे हा आकडा इतका खाली का यावा? कर्तृत्व कमी म्हणून खचित नव्हे. विधानसभेची उमेदवारी मागायला पदरी पैसा लागतो, पत लागते, जामीन राहणारी माणसे लागतात. आणि ही सामग्री बहुधा वडिलांच्या, पतीच्या किंवा मुलाच्या हाती असल्यामुळे उमेदवारीही त्यांच्या इच्छेने येते आणि त्यांच्या इच्छेने जाते. सरपंचबाईंच्या जागी त्यांचे यजमान बैठकीला बसतात, याचेही मूळ येथेच आहे.

म्हणून या अधिवेशनाने तीन गोष्टींचा निश्चय करावा, अशी माझी सूचना आहे. पहिली ही की, प्रत्येक महिला सरपंचाने ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत गावातील प्रलंबित वारसनोंदींचे वाचन तलाठ्याकडून करवून घ्यावे, आणि कोणत्या बहिणीचे व कोणत्या विधवेचे नाव कब्जेदार म्हणून लागायचे ते इतर हक्कांच्या रकान्यात ढकलले गेले आहे, हे सर्वांसमक्ष उघड व्हावे. दुसरी ही की, प्रत्येक महिला पतसंस्थेने आपल्या सभासद स्त्रीने हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी तिला तो कागद वाचून दाखवणारी, त्याचे परिणाम समजावणारी आणि तिचा हिस्सा राखूनही भावाचे पीककर्ज कसे अडणार नाही हे सांगणारी एक जाणकार कार्यकर्ती नेमावी. तिसरी ही की, ग्रामनिधीच्या ज्या धनादेशावर ग्रामसेवकाच्या जोडीने सरपंचाची सही लागते, त्यामागचा जमाखर्च समजून घेतल्याखेरीज कोणत्याही सरपंच भगिनीने सही करू नये, आणि तो समजावून देण्याचे काम पतसंस्थेतील हिशेबनीस भगिनींनी आपले कर्तव्य मानावे.

या सूचनांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही, सरकारी अनुदान लागत नाही, कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. सभा भरवण्याचा अधिकार सरपंच भगिनींकडे आहे, हिशेबाचे ज्ञान पतसंस्थांच्या भगिनींकडे आहे, आणि आज त्या दोघी एका मांडवात आहेत. हे तीन ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात आपण एकमताने संमत करावेत, आणि पुढच्या अधिवेशनाला येताना किती बहिणींची नावे सातबाऱ्यावर कायम राहिली, याचा ताळेबंद प्रत्येक तालुक्याने लेखी सादर करावा, अशी विनंती करून मी आपले भाषण पुरे करते.