चौकशी न्याय्य हवी, ती दोघांसाठीही
(कामगार कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)

लैंगिक छळाचा आरोप मालकावर असतो तेव्हा आपली भूमिका ठरवणे सोपे असते. कसोटी लागते ती तक्रार करणारी स्त्री आपली सभासद आणि आरोप असलेला पुरुषही आपलाच सहकारी असतो तेव्हा. ‘एकजूट मोडेल, आपसात मिटवा’, असा सल्ला मग हटकून दिला जातो. अशी एकजूट दुर्बलाच्या मौनावर उभी असते.

राजस्थानात बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ साली अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यामुळे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाचा ‘विशाखा’ निर्णय आला आणि २०१३ साली कायदा झाला. दहा वा अधिक कामगार असतील तेथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा असला पाहिजे. घरेलू कामगार व लहान आस्थापनांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते.

परंतु समिती नेमली म्हणजे न्याय झाला असे नव्हे. गोव्यातील एका विद्यापीठातील २००९ सालची चौकशी घाईने उरकली गेली आणि आरोप असलेल्या अध्यापकाला बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविले. म्हणजे चौदा वर्षांनी तक्रारदार तेथेच! पुरुषाचा हक्क डावलल्याने स्त्रीचा न्याय जवळ येत नाही, तो लांबतो, हा याचा धडा.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरा. तक्रारीची प्रत सात कामाच्या दिवसांत समोरच्या पक्षाला मिळावी. उत्तरासाठी त्याला दहा कामाचे दिवस असावेत. साक्षी नोंदवून त्यांवर सह्या घ्याव्यात. समोरासमोरची उलटतपासणी तक्रारदारास जाचक होत असेल, तर प्रश्न लेखी स्वरूपात समितीमार्फत विचारावेत. चौकशीच्या काळात तिने मागितल्यास तिची किंवा त्याची बदली, अथवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. चौकशी नव्वद दिवसांत संपावी आणि नावांची वाच्यता कोठेही होऊ नये.

‘खोट्या तक्रारींचे काय?’ असे विचारले जाते. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, असे कायदाच सांगतो. द्वेषबुद्धी स्वतंत्र चौकशीने सिद्ध व्हावी लागते.

मित्रहो, आरोपपत्राशिवाय, बाजू ऐकल्याशिवाय कामगाराला काढता कामा नये, हे तत्त्व आपण मालकांशी लढून मिळविले. ते तत्त्व स्त्रीचे तोंड बंद करण्याची ढाल बनू द्यायचे नाही, आणि संतापाच्या भरात सोडूनही द्यायचे नाही. आपल्या माणसाची चौकशी आपण किती निर्भयपणे होऊ देतो, यावरच आपली समतेची निष्ठा जोखली जाईल.