नाथांची पै आणि आपला मार्च



आज फाल्गुन वद्य षष्ठी. नाथषष्ठी. एकनाथ महाराजांनी याच तिथीला पैठणला देह ठेवला. परंपरा सांगते की त्यांचे सद्गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्मही याच तिथीचा, आणि नाथांवर अनुग्रह झाला तोही याच तिथीला. एवढी मोठी तिथी, आणि ती येते कधी? बहुतेक ऐन मार्च महिन्यात! (हशा) म्हणून तर सभामंडपात मागे एवढी जागा रिकामी दिसते. आमची बँकेतली, पतसंस्थेतली, कर सल्लागाराकडची मंडळी अजून कचेरीत आहेत. जी आली आहेत, त्यांचाही हात दर पाच मिनिटांनी खिशातल्या मोबाईलकडे जातोय. मी इथून बघतोय हं!

मी तुम्हाला दोष देत नाही, माऊली. मार्च म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. १५ तारखेला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता. ३१ला वर्ष संपणार, त्याच्या आत विम्याचा हप्ता, पीपीएफ. ग्रामपंचायतीची माणसं घरपट्टी-पाणीपट्टीसाठी दारात. प्रत्येकाच्या तोंडी एकच मंत्र, मार्च एंड, मार्च एंड. तेवढा जप विठ्ठलाचा केला असता तर! (हशा)

आता कुणी म्हणेल, महाराज, मग हिशेब सोडून टाळ घ्यायचे का? तुकोबारायांनी नाही का कर्जखतं इंद्रायणीत बुडवली? बुडवली. पण नीट ऐका. तुकोबांनी बुडवलं ते लोकांकडून आपल्याला येणं होतं ते. आणि तेही धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन, फक्त आपल्या वाट्याचं. स्वतःचं देणं बुडवलं नाही! तेव्हा कराची नोटीस नदीत सोडायची आणि तुकोबांचं नाव सांगायचं, हे चालणार नाही. देणं द्यायचंच. प्रश्न एवढाच आहे की देताना जीव किती जाळायचा.

यासाठी आज नाथांचीच गोष्ट बघू. बालवयात नाथ घर सोडून देवगिरीला गेले. जनार्दनस्वामी तिथले किल्लेदार. मोठा कारभार, आणि त्याचा जमाखर्च त्यांनी नाथांकडे दिला. एके दिवशी हिशेबात चूक निघाली. केवढी? एका पैची. आपल्या आजोबांच्या वेळी एका रुपयाच्या १९२ पै होत होत्या, त्यातली एक. दुसरा कुणी असता तर पदरची टाकून मोकळा झाला असता. नाथ समई लावून बसले. एक नोंद, मग दुसरी, मग तिसरी. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली, आणि आनंदानं नाथांनी टाळी वाजवली. स्वामी मागे उभे राहून बघत होते. त्यांनी काय केलं? वही फेकून दिली का? नाही. ते म्हणाले, एका पैच्या चुकीवर चित्त इतकं एकाग्र होतं, तर हेच चित्त भगवंताकडे लावलंस तर काय होईल! पुढे शूलिभंजनावर नाथांनी जे अनुष्ठान केलं, त्याची सुरुवात या वहीत आहे.

मंडळी, या गोष्टीत आपण एक पाहतच नाही. नाथ रात्रभर जागले, पण घाबरले नाहीत. घाबरलेल्या माणसाला पै सापडत नाही.

हे मी अनुभवानं सांगतो. कीर्तनाला उभा राहण्याआधी मी बरीच वर्षं एका पतसंस्थेत कारकून होतो. एका ३० मार्चला तेरीज जुळेना. फरक ६३ रुपयांचा. तीन तास कीर्द-खतावणी उलथीपालथी केली. नजर आकड्यांवर, पण मन साहेबांच्या खोलीत, ते काय बोलतील तिथं. रात्री एक वाजता घरी आलो. आई ताट झाकून बसली होती. म्हणाली, "अरे, दोन घास खाऊन घे." मी खेकसलो, "तुला काय कळतंय? इथं मार्च एंड चाललाय!"

आई काही बोलली नाही. आमटी गरम केली, वाढली, आणि उठताना म्हणाली, "बरं बाळा. एप्रिल लागला की मग बोल हो माझ्याशी."

दुसऱ्या दिवशी आमचे हेडक्लार्क अण्णा म्हणाले, "पेन खाली ठेव. पाणी पी. आता सांग, ६३ला नऊनं भाग जातो का?" म्हटलं, जातो. "मग कुठंतरी आकडे उलटे पडले असतील. तेवढंच शोध." पंधरा मिनिटांत सापडलं. टपालखर्चाचे १८ रुपये मी ८१ लिहिले होते! तीन तासांच्या धावपळीनं झालं नाही, ते पंधरा मिनिटांच्या शांतीनं झालं.

त्या वर्षीचा ताळेबंद जुळला. तो कागद आज कुठल्या कपाटात असेल, विठ्ठलाला ठाऊक. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण तिचं ते वाक्य दर मार्चला माझ्या कानात येतं. ६३ रुपयांचा फरक मिटला. तिच्या खात्यात त्या रात्री मी जे नावे टाकलं, ते जमा करायला आता वहीच उघडी नाही.

(विठ्ठलनामाचा गजर)

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढं करा. कोणतं देणं कुठल्या तारखेला, हे एका कागदावर लिहा. मनात फिरणारी शंभर कामं कागदावर उतरली की सात-आठच निघतात. जे जुलैचं आहे, ते विवरणपत्र, त्याची काळजी मार्चमध्ये करू नका. जे समजत नाही, ते जाणत्याला विचारा, लाजू नका. मग एकावेळी एकच काम घ्या, नाथांसारखं. आणि चिंता? ती जमेकडे लिहायची की नावे? तिला रकानाच नाही! जिला वहीत जागा नाही, तिला ताटावर कशाला बसवायचं?

वही मिटली की खरंच मिटा. पाच मिनिटं डोळे मिटून नाम घ्या. आणि कुणी ताट झाकून बसलं असेल, तर त्याच्याशी आजच बोला. एप्रिलची वाट बघू नका.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री एकनाथ महाराज की जय!